दोन तिरक्या रेघा

३ मार्च

पंडित नोकरी सोडून गेला आणि त्याची घाण माझ्या टेबलावर आली. पंडित हे आम्ही ठेवलेलं नाव. कुणालाही काही विचारलं की आधी शिकवणी, मग उत्तर.

जुन्या प्रसूतिगृहाच्या नोंदी आमच्या कार्यालयाकडे आहेत. तिथे जन्मून दत्तक गेलेली मुलं आता चाळिशीत आहेत, आणि नव्या कायद्याने त्यांना आईचं नाव-पत्ता मागता येतो. अर्ज आला की प्रोग्राम एक्सएमएलच्या, म्हणजे कप्प्यात कप्पे असलेल्या, मोठ्या फाईलमधून त्यांची नोंद उचलतो आणि पत्र छापतो. पण काही पत्रांत आईची जागा कोरीच येते.

"कोरी जागा बरी दिसत नाही. भरा," साहेब म्हणाले. बोलताना नखं कापत होते. एक तुकडा उडून माझ्या वहीवर पडला. वहीचं ते पान फाडून टाकलं.

४ मार्च

सापडलं. काही नोंदींत 'आई' थेट वर लिहिलेली आहे, काहींत 'प्रसूती' नावाच्या आतल्या कप्प्यात. पंडितचा प्रोग्राम फक्त वर बघायचा, आत डोकवायचाच नाही. मी प्रोग्राममध्ये 'आई'च्या आधी दोन तिरक्या रेघा टाकल्या. अर्थ एवढाच — कितीही आत असेना, शोधून आण.

तपासायला एकाच नोंदीची छोटी फाईल केली. नाव लगेच आलं. पंडितला तीन वर्षं जे जमलं नाही ते मला वीस मिनिटांत जमलं. स्वतःवर खूश होऊन घरी आले.

९ मार्च

तीन पत्रं गेली. साहेबांनी फोनवर बोलत बोलत सह्या ठोकल्या. वाचलं एक अक्षर नाही. मीही नाही.

२३ मार्च

सकाळी एका सुताराचा फोन. त्याला पत्र मिळालं होतं. आवाज शांत, एकेक शब्द मोजून.

"बाई, मी त्या पत्त्यावर गेलो होतो. दारात आणखी एक बाई उभ्या होत्या. शिक्षिका आहेत. त्यांच्याकडेही हेच पत्र, हीच आई."

मी म्हटलं, असेल, एका आईची दोन मुलं.

"आमच्या जन्मात चार महिन्यांचं अंतर आहे," तो म्हणाला. "असं होतं का?"

तिन्ही पत्रांच्या प्रती काढल्या. तिन्हींत एकच नाव. फाईलमधली पहिलीच नोंद, तिथली आई.

मग प्रोग्रामिंगचं पुस्तक उघडलं, जे चार तारखेला उघडायला हवं होतं. सुरुवातीलाच दोन रेघा दिल्या की शोध आपण उभे आहोत त्या नोंदीतून सुरू होत नाही; थेट फाईलच्या मुळापासून होतो. सगळ्याच्या सगळ्या आया हाती येतात आणि छापताना त्यातली पहिली छापली जाते. रेघांच्या आधी एक टिंब हवं होतं. टिंब म्हणजे 'इथून'. माझ्या छोट्या फाईलमध्ये आईच एक होती, तर चूक दिसणार कशी?

पंडितला शिव्या द्यायचीही सोय उरली नाही.

२४ मार्च

टिंब टाकलं. सगळ्या फाईलवर चालवून पाहिलं, शंभर नोंदी डोळ्यांनी ताडून पाहिल्या. बरोबर येतंय. तिघांची नवी पत्रं छापून साहेबांकडे नेली.

ते खुर्चीत रेलले. "तिसऱ्याने तक्रार केलीय?"

"नाही."

"मग कशाला उकरून काढता? त्या सुताराला सांगा, चौकशी चालू आहे. वर कळलं तर माझी सही आहे पत्रावर." आणि हसून म्हणाले, "चाळिशीत आई मिळाली म्हणून खूश असतील बिचारे."

अंगावर पाल पडावी तसं झालं. आणि मी काय केलं? "बरं साहेब" म्हणाले. पत्रं खणात ठेवली.

२७ मार्च

सुताराचा फोन. "चौकशी चालू आहे," म्हटलं. माझ्याच आवाजाची किळस आली.

२ एप्रिल

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "पत्रं अजून खणातच आहेत?"

३ एप्रिल

रजा टाकली आणि त्या पत्त्यावर गेले. दुसऱ्या मजल्यावरची खोली, कॉट, खिडकीत औषधाच्या बाटल्या. म्हातारबाई एकट्याच. मी कार्यालयातून आले म्हटल्यावर त्यांनी दार पूर्ण उघडलंच नाही.

"आणखी कोण पाठवताय?" त्या म्हणाल्या. "तिघं येऊन गेले."

चूक आमची, असं मी सांगायला लागले. त्यांनी मध्येच थांबवलं.

"मी तिघांनाही सांगितलं, बाळांनो, मी तुमची कुणी नाही. माझं मूल तिथेच दुसऱ्या दिवशी गेलं. माझ्या मांडीवर गेलं. पण ऐकेना कुणी. ती शिक्षिका म्हणाली, तुम्हाला ओळख द्यायची नाही म्हणून असं सांगता. त्या सुताराने कागद दाखवला. सरकारी शिक्का आहे, खोटा कसा असेल, म्हणाला. तिसरा तर भांडूनच गेला." जरा थांबून म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मी त्या मुलाविषयी कुणाशी बोलले नव्हते. दारात उभं राहून तीनदा बोलावं लागलं."

त्यांची नोंद मी फाईलमध्ये कितीदा पाहिली होती. 'आई'च्या खालच्याच ओळीत लिहिलंय — मूल मृत. ती ओळ कुणी मागितली नव्हती म्हणून मी वाचली नव्हती.

परत येताना कार्यालयात जाऊन खणातली तिन्ही नवी पत्रं काढली आणि स्वतः नेऊन दिली, हातात. साहेबांना विचारलं नाही. वर लेखी कळवलं, माझ्या सहीने.

६ एप्रिल

सुताराचा फोन. नव्या पत्त्यावर जाऊन आला. दार त्याच्या बहिणीने उघडलं. आई तीस मार्चला गेली म्हणाली.

मग त्याने विचारलं, "बाई, चूक तुम्हाला कधी कळली?"

मी तारीख सांगितली: तेवीस मार्च.