तीन मठ्ठ कोंबड्या

३ मार्च
आजपासून परसातल्या तिन्ही कोंबड्या पूर्णपणे माझ्या ताब्यात. बाबांनी जेवताना जाहीर केलं. महिनाअखेरपर्यंत एक तरी अंडं मिळालं तर मागची खोली माझ्या शिकवणीला. नाहीतर कोंबड्या शेजारच्या काकूंना आणि खोली वहिनीच्या शिलाई मशीनला. बाबा म्हणाले, आधी कोंबड्यांकडून काम करून घेऊन दाखव, मग लोकांची मुलं हातात घे. रास्त आहे. वहिनी ताटावरून उठली ती टेप घेऊन खोलीची खिडकी मोजायला. पडद्यासाठी म्हणे. मला तिची कीव आली.

५ मार्च
कोंबड्यांना नावं द्यायची नाहीत. लाडावतात. पहिली, दुसरी, तिसरी. बस. दादा म्हणाला, नावं देत नाहीस, पण दिवसभर नावं ठेवतेस की! आपण विनोदी आहोत असा दादाचा समज आहे.

८ मार्च
अंडं नाही. शास्त्रशुद्ध विचार केला. वय योग्य. तुरे लाल. उजेड भरपूर. पिसं गळत नाहीत. शिंपल्यांचा चुरा मी स्वतः कुटून घालते. पाणी ताजं. आजार नाही. सगळी कारणं संपली. उरलं एकच, स्वभाव.
दादा म्हणाला, कोंबडा आण. कोंबडा पिल्लांसाठी लागतो, अंड्यासाठी नाही. हेही ज्याला माहीत नाही त्याला ऑफिसात प्रमोशन मिळतं.

९ मार्च
काल 'स्वभाव' लिहिलं, ते मोघम झालं. मनाला लागून राहिलं. दुरुस्ती : मठ्ठपणा.

१२ मार्च
बाबांची पद्धत सुरू. दादाला आणि मला शाळेत उशिरा घातलं. आधीचं सगळं बाबांनी घरीच शिकवलं. आम्ही गणित सोडवताना ते खुर्चीमागे उभे राहायचे. हात पाठीशी, तोंडातून शब्द नाही. म्हणून तर मी घडले. (बाबा मागे असले की दादाला सात-आठचे पाढे आठवत नसत. तो दादाचा प्रश्न.)
खुराड्यापाशी स्टूल टाकलं आहे. थोड्या थोड्या वेळानं एकेकीला उचलून खाली बघते. पेंढा जरा विस्कटला की लगेच बदलते. विस्कटलेला पेंढा मला बघवत नाही. कोंबड्या माझ्याकडे एकाच डोळ्यानं बघतात. तोही निर्बुद्ध.

१५ मार्च
अंडं नाही. देखरेख वाढवली.
वहिनी कपडे वाळत घालता घालता म्हणाली, वन्सं, जरा घरात या हो, माझ्यामागे कुणी असं बसलं तर मला सुईत दोरासुद्धा ओवता यायचा नाही. (एरवी ती मला नावानं हाक मारते. वन्सं फक्त चिडवायला.) वहिनीच्या मागे वेळच्या वेळी कुणी बसलं नाही, म्हणून तर तिची शिवण अशी वाकडी जाते. हे तिला बोलून दाखवलं नाही. इथे लिहिलं, तेही थोडं लागतंय. पण शिवण वाकडी आहेच.

२१ मार्च, सकाळ
अखेर! पहिली आपणहून अंडी घालायच्या पेटीत बसली. फुगली. घशातून बारीक आवाज. मी स्टूल पुढे ओढलं. धीर यावा म्हणून 'शाबास, जमेल, घाई नको' असं सतत म्हणत राहिले. नीट दिसेना, म्हणून टॉर्च आणला आणि शेपटीखाली धरला.

२१ मार्च, दुपार
पहिली किंचाळत भिंतीवरून काकूंच्या अंगणात गेली. काकू तिला काखेत धरून घेऊन आल्या. म्हणाल्या, काय गं, परीक्षा होती का हिची? आणि हसत सुटल्या. मी हसले नाही. परीक्षाच होती, आणि ती नापास झाली.

३१ मार्च
बाबा खुराडं बघायला आले. माझ्यामागे उभे राहिले. मला कडीच निघेना. दोनदा बोट चिमटलं. कडी गंजली असणार. नंतर दादानं एका हातानं काढली, कारण तोवर मी ती सैल करून ठेवली होती.
आत काही नव्हतं. संध्याकाळी कोंबड्या काकूंकडे गेल्या आणि मशीन खोलीत गेलं. मी रडले नाही. पेंढ्याची धूळ फार होती.

३ एप्रिल
काकूंनी वाटीतून दोन अंडी पाठवली. दोन!
काकूंची व्यवस्था म्हणजे आनंद आहे. उरलंसुरलं टाकायचं, दार सताड उघडं ठेवायचं आणि टीव्हीसमोर लोळायचं. काल तर कोंबड्या आणल्यात हेच विसरून गेल्या होत्या. असल्या घरात ज्या अंडी देतात, त्यांचा पाया आधीच कुणीतरी पक्का केलेला असणार. कुणी, ते लिहीत नाही. बाबांना सांगितलं. बाबा हं म्हणाले.
उद्यापासून काकूंकडे जाऊन बसणार. चांगलं वळण बिघडू देणं पाप आहे.

७ एप्रिल
रोज सकाळी स्टूल घेऊन काकूंकडे गेले. अंडी बंद. काकूंच्या गबाळेपणाचा परिणाम शेवटी दिसलाच.
आज काकू फाटकातच उभ्या होत्या. माझ्या हातातलं स्टूल काढून घेतलं. म्हणाल्या, बाळ, वाईट वाटून घेऊ नकोस, तू आमचीच आहेस, केव्हाही ये. फक्त कोंबड्या झोपल्यावर ये.
त्या किती वाजता झोपतात, ते विचारून घेतलं.