मंगळवारी तीन ते साडेचार

सर्जापूर रोड, बेंगळुरू
शुक्रवार

ती. रघुनंदनमामा यांस,

रम्याचा साष्टांग नमस्कार. तब्येत कशी आहे हे पत्राच्या सुरुवातीला रीत म्हणून विचारतात. मी कामासाठी विचारते आहे. उत्तर लेखी द्यावं, खाली तारीख घालून सही करावी. मामींचे गुडघे कसे आहेत? (हे कामासाठी नाही.)

झालं असं की, आमच्या संस्थेत फक्त कोविडसाठी राखून ठेवलेल्या रुग्णालयांचा अभ्यास चालू आहे. किती रुग्ण आले, किती बरे होऊन घरी गेले, किती दगावले. २०२१च्या त्या नोंदी तपासून तक्ता पक्का करणं माझ्याकडे आहे. बोम्मसंद्र्याजवळच्या ज्या रुग्णालयात तुम्ही होता, त्याच्या यादीत गेल्या आठवड्यात तुम्ही सापडलात. राहणार येलहंका, खाट सत्तावीस, निकाल: मृत्यू. (नावं आम्हाला दाखवत नाहीत. पण व्यवसायाच्या रकान्यात 'विमान कारखान्यातून निवृत्त, उप्पीट नको' असं लिहवून घेणारा माणूस यादीत एकच आहे.) मी घाबरले नाही. फक्त तुम्हाला फोन लावला, तुम्ही "हां, बोल" म्हणालात, आणि मी ठेवून दिला. तो फोन कशासाठी होता असं तुम्ही मामींना दोनदा विचारलंत म्हणे. यासाठी होता.

मग मी रुग्णालयात गेले. तिथे आता पुन्हा साधी बाळंतपणं आणि हाडं जोडणं चालतं. नोंदी ठेवणारे भीमाचार्य मात्र तेच आहेत, आणि तुम्ही त्यांना चांगलेच आठवता.

"घरी जायच्या कागदावर डॉक्टरांची सही झाली तीन वाजून पाच मिनिटांनी," ते म्हणाले. "मंगळवार. तुमचे मामा म्हणाले, आचार्रे, राहुकाळ लागला, साडेचारपर्यंत मी उंबरा ओलांडणार नाही. मी म्हटलं, सरी, ठीक आहे."

"पण तुम्ही नोंद तरी करायचीत."

"राहुकाळात मी कशी करू, अक्का? माणूस घरी गेला हे शुभ काम."

त्यांची पाळी चारला संपली. तुमची खाट तीन वीसलाच दुसऱ्याला दिली होती. तुम्ही साडेचारपर्यंत वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिलात, मग निरोपाचा गुलाब घेतलात, टाळ्या घेतल्यात आणि गेलात. यातलं काहीही यादीत कुठे लिहिलेलं नाही. रकाना रिकामा.

इथे माझा गोंधळ सुरू होतो. रिकामा म्हणजे रिकामा. त्यात मृत्यू कुणी भरला? आमच्या प्रमुख देवश्री म्हणाल्या, "मामा जिवंत आहेत ना? मग ओळ दुरुस्त कर आणि पुढे चल." पण मामा माझे आहेत म्हणून एक ओळ सुधारायची, तर ज्यांचे मामा मला माहीत नाहीत त्यांचं काय? मी शोधलं. रकाना रिकामा असताना मृत ठरलेले त्या रुग्णालयात अकरा जण निघाले. त्यांच्या खाटा दुसऱ्याला दिल्याच्या वेळा ताडून पाहायला मला वारांप्रमाणे राहुकाळाचा तक्ता संगणकात घालावा लागला. देवश्रींनी तो माझ्या पडद्यावर पाहिला आणि कॉफी आणून ठेवली. अकरापैकी नऊ राहुकाळात बसले. भीमाचार्यांकडे एक खासगी वहीही निघाली, 'नंतर लिहिणे' या मथळ्याची. नऊच्या नऊ तिच्यात आहेत, पहारेकऱ्याला विचारून लिहिलेल्या गेटमधून बाहेर पडल्याच्या वेळेसकट. (नंतर लिहायचं राहून गेलं.) बरे झालेल्यांचं प्रमाण वाढलं. का वाढलं, हे शास्त्रीय अहवालात कसं लिहायचं ते मला कळत नाही. 'नोंदणी शुभ वेळेसाठी राखून ठेवल्याने' असं तीनदा लिहून खोडलं.

मामींना नमस्कार. सहीचा कागद सोबत जोडला आहे.

आपली,
रम्या

ता. क. – मृत्यू कुणी भरला ते सापडलं. मूळ याद्या एकत्र करताना एक नियम घातला होता: खाट दुसऱ्याला दिली आणि निकाल रिकामा, तर मृत्यू धरावा. २०२१ साली एका विद्यार्थी स्वयंसेविकेने लिहिलेला. खाली माझी आद्याक्षरं आहेत. त्या मे महिन्यात खाट रिकामी होण्याचं दुसरं कारण मला सुचलं नव्हतं.

ता. क. २ – सहीचा कागद लागत नाही. तुमची ओळ त्याच दिवशी दुरुस्त केली. खरी विनंती वेगळी आहे. अकरातले दोघं वहीत नाहीत. ते घरी गेले की नाही हे त्यांच्या घरीच विचारावं लागेल. रुग्णालयाने रीतसर परवानगी घेऊन नंबर दिले आहेत. सोमवारी अकराला माझ्याकडे या आणि मी फोन लावीन तेव्हा शेजारी बसा. माझं कन्नड कामापुरतंच आहे, म्हणून.

ता. क. ३ – कन्नडचं कारण खोटं आहे. शाळेत माझी पहिली भाषा तीच होती. 'तुमच्या घरचे परत आले होते का?' एवढंच विचारायचं आहे. सहा शब्द. नंबर येऊन तीन दिवस झाले.