एकाच शहरातली बहीण

२२ जुलै, मंगळवार
आज आम्ही शहर झालो! आमची खडकवाडी आणि ओढ्यापलीकडचे बाभूळखेडे, दोन्ही गावे नव्या महापालिकेत गेली. वेशीवर निळी पाटी लागली. मी ती चारदा वाचली. शुद्धलेखन ठीक आहे. म्हशी पाटीच्या खांबाला अंग घासत होत्या.

आई खूश. बाभूळखेड्याची ज्योती मला पसंत, मी तिला पसंत. रविवारी सुपारी फुटायची आहे. "शहरातला जावई म्हनून मिरवतील तुला," आई म्हणाली. तेही शहरातलेच झाले, हे मी बोललो नाही.

२७ जुलै, रविवार
सुपारी फुटली नाही.

बैठक भरली, चहा झाला, आणि आबासाहेब खाकरले. ते भावकीतले वडीलधारे. त्यांच्या होकाराशिवाय आमच्यात लग्न ठरत नाही. म्हणाले, "एका गावात सोयरीक करायची आपली रीत न्हाई. गावची पोर म्हंजी बहीन. आता दोनी गावं एक झाली. मग ही पोरगी ह्याची कोन लागली?"

ज्योतीच्या वडिलांनी टोपी काढून पुन्हा घातली. मी पेढ्यांचा पुडा पाठीमागे लपवला — का, ते माहीत नाही.

२८ जुलै
हनुमंत, माझा मित्र, नालायक — भर रस्त्यात ओरडला, "अमृत्या, बहीन बरी हाय का?"
जेवण गेले नाही.

३ ऑगस्ट
आणखी वाईट! शनिवारी राखीपौर्णिमा. आबासाहेबांनी मारुतीच्या पारावर कार्यक्रम ठरवला. बाभूळखेड्याच्या मुली खडकवाडीच्या पोरांना राखी बांधणार. नव्या शहराचा एकोपा म्हणे! पहिली राखी ज्योतीची, मला. म्हणजे विषयच मिटला.

ज्योतीचा फोन आला. मी रडकुंडीला, ती हसतेय. "हात मोडून घ्या," म्हणाली. दोन्ही मोडावे लागतील, हे तिला समजावून सांगितले.

५ ऑगस्ट
आबासाहेबांकडे दूध घालायला गेलो. ते मळ्यात होते. त्यांची बायको, चांगुणाकाकू, पातेले घेऊन आल्या. मी विचारले — "काकू, तुमचं माहेर बाभूळखेडंच ना?"
"व्हय. का रं?"
"न्हाई, सहज."
काकू पदर तोंडाला लावून अशा हसल्या की दूध सांडले. मी सायकल घेऊन पळालो.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा
पारावर गर्दी. माझे दोन्ही हात खिशात. ज्योती ताट घेऊन निघाली, तेवढ्यात काकू मध्ये आल्या. "थांब गं. आदी मोठ्यांचा मान." आणि आबासाहेबांसमोर बसल्या! "मी बी बाभूळखेड्याची. द्या हात, आबादादा!"

"येडी झाली का? चाळीस वर्सं संसार केला आपन!"

"तेच तर! लई मोठं पाप झालं बगा. आजपासनं भावानं आपली चूल निराळी मांडावी."

सगळा पार हसून लोळला. हनुमंत तर खरोखर खाली पडला. आबासाहेबांनी दोन्ही हात काखेत घातले. "शहर निराळं, गाव निराळं," एवढेच म्हणाले. मग हळूच, "सुपारी आना रे कुनीतरी."

फुटली!

१० ऑगस्ट
ज्योतीचा फोन. "आता एकच शहर हाय ना? मग सासर कंचं अन् म्हायेर कंचं? लगीन झालं की तुमीच ऱ्हायला या इकडं."
मी हो म्हणालो. आईला अजून सांगितलेले नाही.