पाचकोनी बोल्ट

३ फेब्रुवारी
क्लच उतरवला. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनामागचं जड चाक, उचलून खिडकीशी उजेडात नेलं. तोंडावर निळे डाग! तापून तापून आलेले. चिरंजीवांनी इंजिनाची ताकद दुप्पट केली, टर्बो बसवला, आणि फ्लायव्हील तेच ठेवलं — गाडीबरोबर आलेलं, बिडाचं. वर हलकं व्हावं म्हणून लेथवर घासून पातळ केलं. पैलवानाच्या अंगात पोराचा सदरा!

हातोडीनं टकटक करून पाहिलं. घंटेसारखा नाद आला. म्हणजे चीर नाही. मुलगा म्हणाला, बघ, ठणठणीत आहे. असेल. पडायच्या आधी भिंतसुद्धा उभीच असते.

ही गाडी शर्यतीत चालवते माझी सून. ते जड चाक गरगरतं ते तिच्या पावलांना लागूनच. मध्ये ॲल्युमिनियमचं कवच, तेही नावाला. वेगात चाक फुटलं तर तुकडे ते कवच फाडून — पुढचं लिहवत नाही.

५ फेब्रुवारी
पोलादी फ्लायव्हील मागवलंय, पण ते येणार शर्यत झाल्यावर. तोवर काय? मुलगा म्हणतो, तोवर काही होत नाही. बैल गेला अन् झोपा केला, ही त्याची लहानपणापासूनची रीत. चड्डीची नाडी बांधायचा ती घसरल्यावरच.

मी ठरवलं. जाड पोलादाचं कडं करायचं, क्लचच्या कवचाला बाहेरून घट्ट वेढणारं. फुटायचंच असेल तर आतल्या आत फूट म्हणावं.

६ फेब्रुवारी
पुठ्ठ्याचा साचा कापला. चुकला. पुन्हा कापला, पुन्हा चुकला! हे गेले तेव्हा मला लेथ सुरू करायलाही भीती वाटायची. कोणी शिकवलं नाही. लोखंड वाया घालवत शिकले. त्या मानानं पुठ्ठा स्वस्त.

९ फेब्रुवारी
पत्रा वळवून शेजारच्या वेल्डरकडे नेला. तो जाडी बघून हसायला लागला.
“वहिनी, ही गाडी आहे की तिजोरी?”
“तिजोरीच.”
“आत काय ठेवणार?”
“सुनेचे पाय.”
जोडावर एक थर सांगितला होता, त्यानं आपणहून दुसराही चढवला.

१० फेब्रुवारी
कडं काट्यावर ठेवलं आणि घरात वादळ. सोळा किलो! मुलगा पेटला. गाडीतलं मागचं सीट काढलं, गालिचे काढले, दाराच्या आतले पत्रे कोरले — सगळी मेहनत तू एका कड्यात बुडवलीस म्हणे. तिच्या गळ्यात लोढणं बांधतेयस म्हणे. सून शांतपणे म्हणाली, मग उद्यापासून मी जेवणं सोडते, भरून निघेल. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं!

नंतर ती माझ्याजवळ येऊन भांडी पुसायला लागली. थट्टा नव्हती आता.
“आई, खरं सांगा. हे कडं नसेल तर तुम्ही बसाल त्या सीटवर?”
“नाही.”
“मग मीही नाही.”
भांडी चकाचक झाली.

११ फेब्रुवारी
पोटच्या पोराला मी ओळखून आहे. मनाचा वाईट नाही, बायकोवर जीवही आहे. पण वेगाचं वेड लागलं की डोळ्यांवर झापड येते. शर्यतीच्या आधी कडं हळूच काढून ठेवील आणि तिला सांगणारही नाही. सहाकोनी बोल्ट तर कुठल्याही पान्यानं निघतो.

म्हणून बोल्टची डोकी पाचकोनी केली. प्रत्येक कड कानशीनं घासून. बाजारचा पाना त्यावर धरतच नाही, सरकतो. मग त्या मापाचा पाना केला — एकच. माझ्या कामाच्या झग्याच्या खिशात. मनगटं भरून आली आहेत, पण बरं वाटतंय.

१४ फेब्रुवारी
कडं बसलं. जसं मापानं शिवलेलं! मुलगा गाडीखाली गेला. बराच वेळ खुडबूड. मग बाहेर येऊन हात पुढे केला.
“आई, पाना दे.”
“कशाला?”
“तपासायला.”
“मी तपासलंय.”
ग्राइंडर लावून बोल्ट उडवीन म्हणाला. मी म्हटलं, उडव, पण माझ्या देखत उडव. ग्राइंडर उचललाही. माझ्याकडे पाहिलं, बोल्टकडे पाहिलं, आणि ठेवून दिला.

रात्री अबोला. तरी माझ्या ताटाशेजारी पाण्याचा पेला मात्र त्यानंच आणून ठेवला.

१५ फेब्रुवारी
अबोला चालू. मीही माझ्या बापाच्या नाही, हट्टी आजोबांच्या वळणाची आहे! पाना खिशातच.

१६ फेब्रुवारी
उद्या गाडी सरावाच्या मैदानावर नेणार. सुनेनं जाड तळाचे बूट पुसून दाराशी ठेवलेत. जाता-येता माझी नजर त्या बुटांवरच. कड्याचा एकेक बोल्ट पुन्हा आवळून आले.

१७ फेब्रुवारी
फुटलं.

सुनेचा फोन आला. पहिलं वाक्य — “आई, पाय शाबूत आहेत.” मी विचारलं, लागलं तर नाही ना गं तुला? ती म्हणाली, मी गाडीत नव्हतेच. वजनानं गाडी किती मंदावली ते दाखवायला आधी हेच बसले होते.

गाडी ओढून आणली. कडं एका अंगानं फुगलंय, फाटलं कुठेच नाही. मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला, दोन्ही पायांवर. हात पुढे केला.
“आई, पाना दे.”
दिला.