एकोणपन्नास खुर्च्यांची काँग्रेस

२७ मे
शाळा संपली. लिंडक्विस्ट बाईंनी ऑफिसात बोलावलं. आमच्या प्रिन्सिपल. सातवीत असताना माझ्याच हाताखाली पक्ष्यांचं घरटं बनवायला शिकल्या. छप्पर गळकं होतं, पण मी पास केलं.

म्हणाल्या, सेडलाक सर, पुढच्या वर्षी सुतारकामाबरोबर बारावीचा ॲडव्हान्स्ड गव्हर्न्मेंटचा, म्हणजे राज्यशास्त्राचा, वर्गही तुम्हीच घ्या. शिकवणाऱ्या बाई ॲरिझोनाला गेल्या, दुसरं कोणी नेब्रास्कात यायला तयार नाही, आणि माझ्या सर्टिफिकेटवर चाळीस वर्षांपूर्वीचा समाजशास्त्राचा शिक्का आहे. मी म्हणालो, विचार करून सांगतो. मग लगेच हो म्हणालो.

अट एकच. ११ ऑगस्टला मुलांसमोर नमुन्याचा एक तास. बाई मागे बसणार. जमला तर वर्ग इथे, दुपारी. नाही जमला तर पन्नास मैलांवरच्या शाळेतून पडद्यावर, सकाळी सातला.

अकरा आठवडे हातात. सरकार म्हणजे काय मोठं. त्रेसष्ट वर्षं त्याच्याच राज्यात काढली.

२८ मे
पुस्तक आणलं. सातशे ऐंशी पानं. रोज बारा, म्हणजे पासष्ट दिवस. अकरा दिवस उरतात. ते मासे धरायला.

२९ मे
पान ११ पर्यंत आलो. (आभार, अनुक्रमणिका, एक नकाशा.) आज एक पान कमी पडलं. उद्या तेरा वाचायची.

४ जून
वाचन थोडं मागे पडलं. कारण सापडलं: पुस्तक मांडीवर घेऊन मान दुखते. तिरक्या फळीचं मेज बनवायला घेतलं. पाया भक्कम तर घर भक्कम.

९ जून
मेज झालं. अक्रोडाचं लाकूड, चार हात पॉलिश. डोरीन म्हणाली, डेल, आता वाच. मी म्हणालो, पॉलिश वाळू दे. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पण पॉलिशचं तिला अजून कळत नाही.

१२ जून
ऑड्रा कुचेरा येऊन गेली. वर्गात आठ मुलं आहेत, त्यांतली सगळ्यांत हुशार. आईवडील अंड्यांच्या कारखान्यात, त्यामुळे आजोबांच्या चाळीस गाईंचं दूध पहाटे चार ते साडेसात हीच काढते. कुचेरांच्या घरातून कॉलेजात जाणारी पहिली. पुढच्या मेमधली परीक्षा चांगली गेली, तर कॉलेजात हा विषय तिला माफ होईल.

तिने विचारलं, सर, पडद्यावरचा वर्ग खरंच सातला असतो का? मी म्हणालो, तू पडद्याची काळजी करू नकोस. मी बसलोय ना. तिने मेजाकडे बघितलं. पुस्तक तिथेच उघडं होतं, पान ११ वर. खूण म्हणून पॉलिश पेपरचा तुकडा.

मुलीच्या डोळ्यांत विश्वास दिसला. किंवा लाकडाचा भुसा गेला असेल.

१५ जून
खरी कल्पना आज सुचली. मुलांना वाचून काही समजत नाही, बघून समजतं. काँग्रेसची प्रतिकृती बनवायची. वॉशिंग्टनमध्ये जिथे देशाचे कायदे होतात, ती. लाकडात. छप्पर उचललं की आत बाकं, सभापतीची खुर्ची, सगळं दिसलं पाहिजे. नमुन्याचा तास यातच निघेल. बाई उभ्या राहून टाळ्या वाजवतील.

वाचन प्रतिकृती झाल्यावर. तोवर रोज सहा पानं.

२४ जून
मोजमापं घ्यायला गेलो. वॉशिंग्टन बाराशे मैल, लिंकन साठ. विधानभवन ते विधानभवन. आपल्याच राज्याच्या राजधानीत जाऊन आलो.

सभागृह अप्रतिम. काय ते अक्रोडाचं काम. बाकं मोजली: एकोणपन्नास. खात्री करायला परत मोजली. त्यांवर बसणाऱ्यांना सेनेटर म्हणतात, म्हणजे मी बरोबर ठिकाणी होतो.

पलीकडे तसंच दुसरं मोठं दालन आहे, रिकामं. गाईड मुलगी म्हणाली, पूर्वी दोन होती, १९३७ पासून आपण एकावरच भागवतो. 'आपण' म्हणजे देश, हे उघड आहे. चांगली काटकसर. एवढं लाकूड मात्र वाया.

येताना बेकरीतून डोरीनसाठी जर्दाळूच्या कोलाची (गोड पावासारख्या) घेतल्या. चार. घरी दोन पोहोचल्या.

१ जुलै
ऑड्रा प्रश्नांची कार्डं घेऊन आली. उन्हाळ्यात दिवसभर मक्याचे तुरे खुडते, शेतात जाताना बसमध्ये कार्डं लिहिते. हाताला कापल्याच्या रेघा.

विचारलं, सर, हाऊस आणि सेनेट यांच्या अधिकारांत नेमका फरक काय? यात फरक कसला. हाऊस म्हणजे घर, सेनेट म्हणजे त्या घरात बसणारे. पण उत्तर आयतं दिलं तर मूल विचार करत नाही. मी म्हणालो, तुला काय वाटतं? ती दहा मिनिटं बोलली. छान बोलली. मी तेवढ्यात एका फळीला रंधा मारून घेतला.

जाताना म्हणाली, सर, तुमची पद्धत वेगळीच आहे. नमूद करून ठेवतो.

४ जुलै
देशाचा वाढदिवस. देशाविषयी वाचायला याहून चांगला दिवस नाही. पण मिरवणुकीत अग्निशमन दलाच्या गाडीवर बसायचा मान मला मिळाला, नाही कसं म्हणणार. नंतर सॉसेज. नंतर झोप आली.

९ जुलै
सभापतीचा कट्टा सरसाने चिकटवला. दाबून ठेवायला सगळे क्लॅम्प कमी पडले. पुस्तक कामी आलं. सातशे ऐंशी पानांचं वजन सगळीकडे सारखं पडतं. लिहिणाऱ्यांनी मेहनत घेतली आहे यात शंका नाही.

१० जुलै
थोडा सरस पुस्तकात गेला. पान २१२ ते २६० एकच पान झालं आहे. अनुक्रमणिकेत बघितलं: 'काँग्रेस' हे प्रकरण. नशीब. बाकी कुठलंही प्रकरण गेलं असतं तर अडचण झाली असती. काँग्रेस तर मी बनवतोच आहे.

१९ जुलै
गारपीट. टपोऱ्या गारा, गॅरेजचं छप्पर तीन ठिकाणी फुटलं. काँग्रेसवर ताडपत्री टाकली, पुस्तकावर टाकायची राहिली. फार भिजलं नाही. फुगलं थोडं.

अशा स्थितीत वाचन कोण करणार. ऑगस्टपासून रोज तीस पानं.

२६ जुलै
ऑड्रा आली. प्रतिकृती बघितली. छप्पर उचललं, आत बघितलं, परत ठेवलं. भोवतीने एक चक्कर मारली, जणू मागे काही राहिलंय. विचारलं, सर, अजून काम बाकी आहे ना? म्हणालो, थोडं. (झुंबर.) ती म्हणाली, मग ठीक आहे.

भारावून गेली होती.

डोरीन नंतर म्हणाली, पोरगी चारला उठून गाई पिळते आणि सत्तर कार्डं पाठ करते, तू काय पाठ केलंस? म्हणालो, एकोणपन्नास खुर्च्या घडवल्या, प्रत्येकीला चार पाय, हिशेब कर. ती म्हणाली, नाचता येईना तर तू अंगण बनवायला घेतोस. आणि मागच्या दाराने कोंबड्यांकडे गेली. तिच्या बोलण्यात कडवटपणा असतो, पण हात चांगला आहे. झुंबराचे मणी तिनेच ओवून दिले.

३ ऑगस्ट
तीस पानं नाही झाली. पण पुस्तक उघडून ठेवलं तर सवय होते. उघडून ठेवलं.

१० ऑगस्ट
उद्या नमुन्याचा तास. सगळं तयार. काँग्रेस पिकअपमध्ये चढवायला लिंडक्विस्ट बाईंचा नवरा आणि त्यांचा भाऊ आले. भाऊ म्हणाला, वजन आहे. म्हणालो, देश आहे.

आज रात्री पुस्तक पुरं करणार होतो. पण ताज्या डोक्याने गेलेलं बरं.

११ ऑगस्ट, संध्याकाळ
आठ मुलं. बाई मागे वही घेऊन. मी छप्पर उचललं. मुलांच्या तोंडून आवाज निघाला, तो आयुष्यभर लक्षात राहील. मी म्हणालो, मुलांनो, ही आपली काँग्रेस. इथे बसून एकोणपन्नास माणसं सगळा देश चालवतात.

आवाज थांबला.

ऑड्राने हात वर केला. हळू विचारलं, सर, आणि दुसरं सभागृह? मी म्हणालो, ते रिकामंच असतं. कुलूप लावलेलं. १९३७ पासून.

कुणीतरी हसलं. ऑड्रा नाही हसली. म्हणाली, सर, ते आपल्या राज्यात. पन्नास राज्यांत एकच सभागृह असलेलं फक्त आपलंच. वॉशिंग्टनमध्ये दोन आहेत, सर. हाऊसमध्ये चारशे पस्तीस, सेनेटमध्ये शंभर.

मी झुंबर सरळ केलं. ते सरळच होतं.

मग तीच बाईंकडे वळून म्हणाली, सरांनी हे मुद्दाम असं ठेवलं असणार. कुठे चुकलंय ते आम्ही शोधायचं, अशी सरांची पद्धत आहे. एकामागून एक मुलं बोलायला लागली. उरलेला पाऊण तास मुलंच बोलत होती. मी एकदाच बोललो, बेल झाल्यावर.

बाईंनी मुलांना जाऊ दिलं. प्रतिकृतीच्या बाकावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, सेडलाक सर, लहानपणी माझ्या घरट्याचं छप्पर गळत होतं, तरी तुम्ही पास केलंत. तेव्हा मला वाटलं होतं तुम्हाला दिसलंच नाही. मी म्हणालो, दिसलं होतं. त्या म्हणाल्या, मलाही दिसतं. वर्ग इथेच राहील. नाताळपर्यंत. मग परत मागे येऊन बसेन.

बाहेर ऑड्रा पिकअपला टेकून उभी होती. म्हणालो, तुला जुलैतच कळलं होतं ना, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, मला वाटलं दुसरं सभागृह तुम्ही ऑगस्टमध्ये बनवाल.

मग म्हणाली, सर, मला दुसरे मास्तर मागता येत नाहीत. सातला मी गाईंपाशी असते. तेव्हा तुम्हीच शिका.

आणि कार्डांचा सगळा गठ्ठा माझ्या हातात दिला. वर रबर लावलेलं. म्हणाली, माझी पाठ झालीत.

१२ ऑगस्ट, पहाटे ५
मेजाशी बसलो. पटाशीच्या पात्याने पान २१२ आणि २१३ वेगळी केली. कोपरा फाटला, ओळ वाचता आली. 'काँग्रेसची दोन सभागृहं आहेत.' पहिलीच ओळ.

पाचशे पस्तीस वजा एकोणपन्नास. चारशे शहाऐंशी. एक खुर्ची घडवायला पाऊण तास. हिशेब अर्धवट सोडला. करवत भिंतीवर टांगली.

परत सुरुवातीला गेलो. पॉलिश पेपर काढून टाकला. पान १२.

डोरीनने आतून विचारलं, काय करतोयस एवढ्या सकाळी. म्हणालो, वाचतोय. ती उठून बघायला आली. स्वयंपाकघरात गेली. मग कॉफी घेऊन आली आणि परत बघितलं.