दुपारच्या उड्डाणाची रात्र

टेमघर, गुरुवार, संध्याकाळ

जीव थाऱ्यावर नाही. परवा वैमानिकाच्या लायसन्सचा अर्ज भरायचाय आणि लॉगबुकच्या सॉफ्टवेअरमध्ये माझे रात्रीच्या उड्डाणाचे तास कागदी वहीपेक्षा जास्त दिसतायत. वहीप्रमाणे अजून दोन उड्डाणं बाकी. सॉफ्टवेअरप्रमाणे सगळं झालंय.

आधी वाटलं, नोंदी दोनदा चढल्या असतील. डेटाबेस दुरुस्त केला, जुना बॅकअप लावून पाहिला. आकडा तोच. मग मनात आलं, जास्तच आहेत ना, राहू देत की! लाज वाटली. पण विचार काही जाईना.

तेवढ्यात बाबा पूर्णा गावातल्या गोदामावरून कामाहून आले. स्क्रीनवर मी पहिल्यांदा एकटीने विमान उडवलं त्या दिवसाची नोंद होती. पुढे लिहिलेलं, रात्र.

"रात? मी धावपट्टीच्या कुंपनापाशी उभा व्हतो ना त्या दिवशी. उनानं डोकं तापलं व्हतं माझं!"

ते ऊन मी कशी विसरले? जुन्या नोंदी भरताना मी आपल्या घड्याळातली वेळ टाकली, दुपारचे तीन. सॉफ्टवेअरने ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ धरली, म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेआठ. अशा किती दुपारी मी रात्री करून ठेवल्या?

एकेक वेळ बदलली. आकडा वहीशी जुळला. बाबांना सांगितलं, अर्ज लांबला, रात्रीची दोन उड्डाणं बाकी आहेत.

"मंग तवा पन येतो कुंपनाला," ते म्हणाले. "ऊन तरी न्हाय लागनार."