जावईबापूंची काळी खिडकी

तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार.

(सगळं पूर्ण लिहिलंय बघ. 'ती.', 'सा. न. वि. वि.' असली तोडकी अक्षरं दिसली की हल्ली मी कागद उलटा करून ठेवतो.) तुझी कंबर कशी आहे? आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे तसं म्हणायला हरकत नाही.

तुझ्या जावईबापूंनी माझ्या कॉम्प्युटरवर जी काळी खिडकी बसवून दिली, तिच्यामुळे काय काय झालं ते सांगतो. आमच्या नव्या साहेबांना पूर्ण शब्द लिहायचा कंटाळा. 'ओओओ' एवढंच कळवून ते गायब झाले, तेव्हा मला वाटलं, साहेब विव्हळतायत. जावईबापू म्हणाले, "मामा, इथे अक्षरं टाइप करा, एंटर दाबा, अर्थ हजर." खरंच हजर! 'आउट ऑफ ऑफिस', म्हणजे साहेब रजेवर होते. (खिडकीत ना चित्र, ना बटण. नुसती एक रेघ लुकलुकत बसते, आपण काय विचारतोय याची वाट बघत.)

मग ऑफिसने आम्हा सगळ्यांची जोडीने वैद्यकीय तपासणी करवली. माझ्या रिपोर्टवर शेवटी 'एनएडी'. टाइप केलं, तर एका रसायनाचं नाव आलं, एका दमात वाचता येऊ नये इतकं लांब. एवढं मोठं काही माझ्या अंगात शिरलं आणि मला पत्ता नाही! दरदरून घाम फुटला. चहा सोडला, हिला कपाटाच्या किल्ल्या दाखवल्या, ऑफिसच्या शिपायाला माझं चांगलं घड्याळ देऊन टाकलं. तो रडला, मग मीही रडलो. शेवटी हिनेच येऊन खिडकीत डोकावून पाहिलं. म्हणाली, "अहो, खाली दुसरा अर्थ आहे. तपासणीत काही बिघाड आढळला नाही!" अर्थ अनेक असतात आणि खाली सरकून बघावं लागतं, हे जावईबापूंनी सांगितलंच नव्हतं. ही इतकी हसली की तिला जमिनीवर बसावं लागलं. तेव्हा काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ताजा कलम: घड्याळ परत कसं मागू? शिपाई रोज हौसेने मला वेळ सांगतो.

आणखी एक: हिचा रिपोर्ट मागाहून आला, आज. त्यावर वेगळीच अक्षरं आहेत. टाइप करून ठेवलीत, पण एंटर दाबवत नाही. हिने विचारलं, "काय आलंय?" मी म्हटलं, साहेबांचं काहीतरी. तिने स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसून राहिली. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. ताई, तू येशील का? विचारायचं काम मी करीन. तू फक्त हिचा हात धर.